काही झालं नाही ना?

‘सर, आज नहीं।’

गाइडने हे सांगितलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. आम्ही सात जण हेडलॅम्प लावून, बुटांना मायक्रोस्पाइक्स चढवून तंबूबाहेर उभे होतो. दोन दिवस बर्फ पडत होता, तो आदल्या संध्याकाळी थांबला होता. आकाश इतकं स्वच्छ होतं की शहरातल्या माणसाला ते खोटं वाटावं. फेब्रुवारी २०२४, उत्तरकाशी जिल्ह्यातला एक हिवाळी ट्रेक. ट्रेकचं नाव सांगत नाही, कारण त्यावरून त्या मुलाचा शोध लागू शकतो आणि या गोष्टीत चूक त्याची नाही.

तो तेविसेक वर्षांचा होता, खालच्याच गावातला. त्याचं म्हणणं साधं होतं. शिखराआधी एक उघडा उतार लागतो. दोन दिवसांत वाऱ्याने तिथे भरपूर नवा बर्फ आणून टाकलाय. एक दिवस थांबू, नाहीतर इथूनच परत फिरू.

आमच्याकडे जादाचा दिवस नव्हता. रविवारी डेहराडूनहून विमान होतं आणि सोमवारी सकाळी ऑफिस. तंबूत अडकून दोन दिवस आधीच गेले होते. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘रिव्ह्यू में लिखना पड़ेगा, भाई.’ तो हसत म्हणाला, पण सगळ्यांना ते ऐकू गेलं.

खरं काम मात्र मी केलं. मी आवाज चढवला नाही. मी शांतपणे मुद्दे मांडले, ऑफिसात मांडतो तसे. बर्फ थांबून दहा तास झालेत. वारा नाही. काल तू म्हणालास दुपारी थांबेल, तो संध्याकाळी थांबला, म्हणजे तुझाही अंदाज चुकतोच. आणि आम्ही एकेक करून, अंतर ठेवून उतार पार करू. त्याने वर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, दोन्ही हातमोजे एकमेकांवर झटकले आणि म्हणाला, ‘चलिए।’

साडेआठला आम्ही शिखरावर होतो. फोटो काढले. त्याच उतारावरून खाली आलो. काही झालं नाही.

घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘देव तारी त्याला कोण मारी.’ पुढचं वर्षभर ही माझ्यासाठी धाडसाची गोष्ट होती. पार्टीत सांगायची.

* * *

त्या पहाटे गाइडला जे माहीत होतं ते मला पुढच्या वर्षी वाचून कळलं. माझा समज असा होता की बर्फ म्हणजे एक ढीग: जास्त पडला की जास्त धोका, थांबला की धोका कमी. प्रत्यक्षात डोंगरावरचा बर्फ थरांचा असतो. प्रत्येक हिमवर्षाव एक थर टाकून जातो आणि मधल्या प्रत्येक कोरड्या आठवड्याचीही त्यात नोंद राहते. आमच्या भाषेत सांगायचं तर तो हिवाळाभराचा लॉग असतो, फक्त वाचायला तो खणावा लागतो.

त्या वर्षी उत्तराखंडात जानेवारी जवळजवळ कोरडा गेला होता. असं झालं की उंचावर जुन्या बर्फाचा पातळ थर तसाच पडून राहतो. त्याच्या तळाला जमिनीची थोडी ऊब मिळते आणि वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री कडक गारठतो. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि त्याचे कण नव्याने घडतात. टोकदार, सुटे, साखरेसारखे, एकमेकांना न धरणारे. मग फेब्रुवारीत एकदम मोठा हिमवर्षाव होतो, वारा तो बर्फ दाबून घट्ट करतो आणि साखरेच्या थरावर एक जड फरशी तयार होते. तीही तिरप्या जमिनीवर.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. त्याहून कमी उतारावर बर्फ टिकून राहतो, त्याहून जास्त उतारावर तो साठायच्या आधीच थोडाथोडा गळून जातो. मधल्या टप्प्यात फरशी वाट पाहत बसते. तिला हलवायला भूकंप लागत नाही, एका माणसाचं वजन पुरतं. पायाखालचा कमकुवत थर मोडतो, तडा क्षणात उतारभर पळतो आणि ज्यावर आपण उभे आहोत ती जमीनच चालू लागते. हौशी गिर्यारोहक आणि स्कीअर जिथे मरतात, त्यातल्या साधारण दहापैकी नऊ अपघातांत हिमस्खलन त्या माणसाने किंवा त्याच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं.

म्हणून मोठ्या हिमवर्षावानंतरची पहिली निरभ्र सकाळ फसवी असते. नवा बर्फ अजून बसलेला नसतो, आणि माणसाचा जीव मात्र आकाश पाहून मोकळा होतो. त्या पहाटे आमच्या बाजूचा माझा सगळ्यात मोठा मुद्दा ‘आता बर्फ थांबलाय’ हा होता. तोच गाइडचा विरोधातला मुद्दा होता.

एक गोष्ट अजून. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते. अर्ध्या तासानंतर ती फार थोडी उरते. याचा अर्थ, वाचवणारे खालून येत नाहीत. वाचवणारे म्हणजे सोबतचेच लोक. त्यासाठी प्रत्येकाकडे सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं लागतं. आमच्याकडे ट्रान्सीव्हर नव्हते, काठी नव्हती. फावडं एक होतं, ते खाली कॅम्पवर तंबूभोवतीचा बर्फ काढायला ठेवलं होतं.

म्हणजे माझी ‘एकेक करून जाऊ’ ही योजना अशी होती: एक जण गाडला गेला तर बाकीचे सहा जण उभं राहून बघतील.

* * *

डोंगर वाईट शिक्षक आहे. बुद्धिबळात चूक केली की समोरचा लगेच प्यादं मारतो. कोड चुकला की टेस्ट फेल होते. चूक आणि शिक्षा यांच्यातलं अंतर कमी असलं की माणूस शिकतो. बर्फाच्या उतारावर नव्वद वेळा चुकीचा निर्णय घेतला तरी घरी येता येतं, आणि प्रत्येक वेळी डोंगर शाबासकी देतो. शिखर देतो, फोटो देतो, ‘मी सांगत होतो ना’ म्हणायची संधी देतो. एक्क्याण्णवाव्या वेळी तो जे शिकवतो ते शिकायला विद्यार्थी उरत नाही.

इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासून २००४ साली एक लेख लिहिला. लोक धोक्याची चिन्हं दिसत असूनही पुढे का जातात, हा त्याचा प्रश्न होता. त्याने सहा सापळे सांगितले. उतार ओळखीचा असणं. इतरांच्या नजरेत भरायची इच्छा. एकदा ठरवलेलं तडीस न्यायची ओढ. सोबत कोणी जाणकार आहे म्हणून निर्धास्त होणं. ही संधी पुन्हा नाही, ही भावना. आणि आजूबाजूला माणसं असल्याने येणारा धीर. मी हे वाचताना बोटं मोजत होतो. उतार ओळखीचा नव्हता, बाकी पाचही आमच्याकडे होते. त्यातही चौथ्याची आम्ही गंमतच केली होती. जाणकार सोबत आहे म्हणून निर्धास्त होतो, आणि त्याच जाणकाराचं ऐकत नव्हतो.

युरोपात हिमस्खलनाच्या धोक्यासाठी पाच पातळ्यांचं मोजमाप वापरतात: कमी, मध्यम, लक्षणीय, मोठा, अतिशय मोठा. सगळ्यात जास्त माणसं पाचव्या किंवा चौथ्या पातळीला मरत असतील असं वाटतं. पण स्वित्झर्लंडमध्ये साधारण निम्मे मृत्यू तिसऱ्या पातळीच्या दिवसांत होतात. चार-पाचला लोक घरी बसतात. तीनला ते बाहेर पडतात, आणि बहुतेक जण परत येतात. ते परत येणंच पुढच्या माणसाला बाहेर काढतं.

* * *

इथे तत्त्वज्ञानातला एक जुना पेच उभा राहतो. समजा, त्याच पहाटे शेजारच्या दरीत आमच्यासारखाच एक गट होता. तोच वाद, तेच मुद्दे, तोच दबाव, तसाच उतार. त्यांच्या उतारावर फरशी निसटली. त्यांच्याबद्दल आपण काय म्हणू? बातमीखालच्या कमेंट मी न वाचता सांगू शकतो: बेजबाबदार, रीलसाठी मेले, गाइडचाही जीव घेतला. आणि आमच्याबद्दल? आमच्या फोटोंखाली आगीचे इमोजी होते.

दोन्ही गटांनी तेच केलं. फरक साखरेच्या काही कणांचा. मग एकाला दोष आणि दुसऱ्याला कौतुक कसं? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्वज्ञांनी १९७६ साली या पेचाला ‘मॉरल लक’ असं नाव देऊन मांडलं. नैतिक दैव म्हणू. माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींबद्दलच दोष द्यावा, हे आपण सगळे मानतो. आणि प्रत्यक्षात दोष देताना परिणाम बघतो, जो त्याच्या हातात नसतो.

‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण मला आता वेगळी ऐकू येते. आई प्रेमाने म्हणाली, तिचा काही दोष नाही. पण ही म्हण फक्त वाचलेल्यांच्या घरी म्हणता येते. गेलेल्याच्या घरी जाऊन कोणी ती म्हणत नाही, कारण मग देवाला जाब विचारावा लागेल.

या पेचातून सुटायची एक सरळ वाट मला दिसते. निर्णयाचा न्याय निर्णयाच्या वेळी हाती असलेल्या माहितीवर करायचा, निकालावर नाही. आम्ही कामात हेच करतो. सर्व्हर पडला की नंतर बसून लिहून काढतो: तेव्हा काय माहीत होतं, काय दिसत होतं, काय केलं. चांगल्या टीम पडता पडता वाचलेल्या प्रसंगांचीही नोंद करतात. या मापाने मोजलं तर त्या पहाटे मी दोषी आहे, पूर्ण दोषी. उतार निसटला असता तर जितका असतो तितकाच. काही झालं नाही, याने माझ्या वजाबाकीत एक पैसाही कमी होत नाही.

इथे थांबलो असतो तर हा माझ्या अपराधी भावनेचा निबंध झाला असता. पण ‘माहिती असूनही पुढे गेलो’ हे वाक्य मी स्वतःबद्दल म्हणू शकतो, कारण मला थांबता येत होतं. वर्षभराने एक बातमी आली, आणि थांबता न येणारी माणसंही त्याच बर्फाखाली असतात हे दिसलं.

* * *

२८ फेब्रुवारी २०२५. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात बद्रीनाथ आणि माणा यांच्या दरम्यान, पहाटे सहाच्या सुमारास हिमस्खलन झालं. सीमा सडक संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर त्यात सापडले. ते तिथे लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. लष्कर, इंडो-तिबेट सीमा पोलीस आणि इतर दलांनी तीन दिवस खणून ४६ जणांना जिवंत बाहेर काढलं. आठ जण गेले. अनेकांचा जीव कंटेनरच्या भिंतींमुळे वाचला.

माणा साधारण ३,२०० मीटरवर आहे. या गावातले लोक हिवाळ्यात तिथे राहत नाहीत. बद्रीनाथाची कपाटं नोव्हेंबरात बंद होतात, उद्धव आणि कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वरला खाली आणतात आणि गावकरीही गुरंढोरं घेऊन खालच्या वस्त्यांत उतरतात. हिवाळ्यात इथे थांबायचं नसतं, हे या डोंगराचं सगळ्यात जुनं ज्ञान आहे. देवसुद्धा ते पाळतो. ते न पाळण्याची पाळी येते ती बिहार, उत्तर प्रदेश, हिमाचल, जम्मू-काश्मीरहून रस्त्यावरचा बर्फ हटवायला आलेल्या मजुरांवर.

आणि इशारा दिलेला होता. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था हिमालयातल्या हिमस्खलनाचे अंदाज देते. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिने चमोली, उत्तरकाशी, रुद्रप्रयाग, पिथौरागड आणि बागेश्वर या जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वरच्या भागासाठी २४ तासांचा हिमस्खलनाचा इशारा दिला होता. संध्याकाळी पाच ते पहाटे सहा. तेरा तास.

बातमीत हे वाक्य वाचलं की आपला पहिला विचार ठरलेला असतो: इशारा होता, तरी ऐकलं नाही. माझाही तोच होता. मग मी त्या कंटेनरमधल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं. संध्याकाळचे पाच वाजलेत. बर्फ पडतोय. मुळात मला इशारा कळलाय का? समजा कळला. मी काय करू? रस्ता बर्फाखाली आहे, तो मोकळा करायलाच तर मला इथे आणलंय. अंधार पडतोय. खाली जायला गाडी कोण देणार? मी माझ्या मनाने उतरलो तर उद्याची मजुरी कोण देणार, आणि परवा कामावर कोण घेणार? मला जो इशारा मिळालाय त्याचं मी करू काय?

मी इथे कोणावर खटला भरत नाही. माझा प्रश्न ‘इशारा’ या गोष्टीबद्दलच आहे.

माझ्या कामात रात्री-बेरात्री अलर्ट येतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक वाक्य मी मीटिंगमध्ये फार ऐकलं: ‘अलर्ट गेला होता.’ हे वाक्य म्हणणारा माणूस सुटतो. मग एका सिनियरने आम्हाला नियम शिकवला. ज्याला अलर्ट जातोय त्याला त्यावर काही करता येत नसेल, तर तो अलर्ट नाही, ती पाठवणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली पावती आहे. सर्व्हरच्या बाबतीत हे मला तेव्हाच पटलं. माणसांच्या बाबतीत पटायला माणा लागलं.

एकच इशारा दोन माणसांना मिळतो. मला, पुण्याहून हौसेने आलेल्याला, तो मिळाला तेव्हा माझ्याकडे थांबायची सगळी सोय होती. विमानाचं तिकीट बुडालं असतं, सुट्टी वाया गेली असती, बस. मी थांबलो नाही. कंटेनरमधल्या माणसाकडे थांबायची सोयच नव्हती. तरी बातमीच्या भाषेत दोघांचं एकच वाक्य होतं: इशारा असूनही.

* * *

आल्प्समध्ये फेब्रुवारी १९९९ असाच भयंकर गेला. आठवडेच्या आठवडे बर्फ पडत राहिला. ९ फेब्रुवारीला फ्रान्समधल्या शामोनी खोऱ्यात मोंत्रोक नावाच्या वस्तीवर हिमस्खलन आलं, १४ घरं मोडली आणि १२ माणसं गेली. दोनच आठवड्यांनी, २३ फेब्रुवारीला, ऑस्ट्रियातल्या गाल्ट्यूर गावात ३१ जण मेले. गाल्ट्यूरमध्ये धोक्याचे नकाशे होते. कुठे घर बांधायचं, कुठे नाही हे रंगवून ठेवलेलं होतं. बर्फ नकाशावर सुरक्षित मानलेल्या भागात शिरला. आपल्याला हे नवीन नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नसल्याचं सरकारने सांगितलं होतं. डोंगर यादी वाचत नाही.

पण मोंत्रोकबाबत पुढे एक वेगळी गोष्ट घडली. २००३ साली न्यायालयाने शामोनीच्या तेव्हाच्या महापौरांना सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी धरलं आणि तीन महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्यांनी बर्फ पाडला नव्हता. दोष हा होता, की घरं रिकामी करण्याचा आदेश देणं त्यांच्या हातात होतं आणि तो त्यांनी दिला नाही.

या निकालावर उलटसुलट बोलता येतं. एका महापौराने किती ओळखायचं? प्रत्येक हिमवर्षावाला गाव रिकामं करायला लागलं तर पाचव्या वेळी लोक दार उघडणार नाहीत. हे खरं आहे. खोटे ठरलेले इशारे पुढच्या इशाऱ्याची किंमत कमी करतात, हे अलर्टवर झोपमोड झालेल्या कोणालाही माहीत आहे. तरी त्या निकालात मला एक गोष्ट नेमकी वाटते. त्याने ‘कोणाला माहीत होतं?’ यावर न थांबता ‘हलवण्याची ताकद कोणाकडे होती?’ हे विचारलं. जबाबदारी माहितीच्या मागे गेली नाही, अधिकाराच्या मागे गेली.

यावर कोणी म्हणेल, मग काय रस्ते बंदच ठेवायचे? तो रस्ता सीमेवरच्या चौक्यांना जातो. तो मोकळा नसला तर तिथल्या जवानांपर्यंत धान्य पोहोचत नाही, आजाऱ्याला खाली आणता येत नाही. बर्फ हटवणाऱ्याचा धोका दुसऱ्या कोणाचा तरी जीव वाचवतो. आणि गाइडच्या गावाचं वर्षाचं उत्पन्न आमच्यासारख्यांच्या हिवाळी हौसेवर चालतं. शून्य धोका मागणं हे पुण्यात पंख्याखाली बसून सोपं आहे.

मान्य. डोंगरात शून्य धोका नसतो, आणि मी तो मागत नाही. मी एवढंच म्हणतोय की धोक्यासोबत थांबण्याची किंमतही वाटली जाते, आणि ती वाटणी आज उलटी आहे. ज्याचं पोट रोजच्या कामावर आहे त्यानेच थांबायचं ठरवायचं आणि त्यानेच त्या दिवसाची मजुरी सोडायची. मग तो थांबत नाही, आणि आपण म्हणतो, इशारा होता.

ही वाटणी बदलायला तत्त्वज्ञान कमी आणि हिशोब जास्त लागतो. इशाऱ्याच्या दिवशी काम बंद असेल तर त्या दिवसाची पूर्ण मजुरी. धोक्याच्या उताराखालची वस्ती खाली हलवायचा आदेश कोण देणार, त्याचं पद आधीच ठरलेलं, आणि हलवायची गाडी आधीच उभी. ट्रेकच्या वेळापत्रकात एक जादाचा दिवस, त्याचे पैसे आधीच घेतलेले. आणि गाइडने ‘आज नाही’ म्हटलं तर त्यावर मतदान नाही. यातली एकही गोष्ट नसताना दिलेला इशारा खोटा नसतो. तो फक्त ओझं वरून खाली ढकलतो, आणि डोंगरावर खाली ढकललेलं ओझं कुठे जातं हे सगळ्यांना माहीत आहे.

* * *

माणाची बातमी आल्यावर चौथ्या दिवशी मी त्या गाइडला फोन केला. त्याचा नंबर ‘ट्रेक भाई’ या नावाने सेव्ह होता, यावरूनही माझ्याबद्दल काही कळेल. त्याचं गाव माणापासून लांब आहे, तो ठीक होता. त्याने उलट माझीच चौकशी केली. मी थोडं इकडचं तिकडचं बोललो आणि मग त्या पहाटेचा विषय काढला. म्हटलं, तू बरोबर होतास, आम्ही तुझं ऐकायला हवं होतं.

तो म्हणाला, ‘नहीं सर, आप सही थे। कुछ हुआ तो नहीं।’

मी म्हटलं, असं नसतं. तो समजूत घालावी तसं बोलू लागला. त्या दिवशी त्याला स्वतःलाच वाटलं होतं की आपण उगाच घाबरतोय. आम्ही सुखरूप उतरलो तेव्हा तो मनात शरमला होता. त्यानंतरच्या मोसमात अशा दोन-तीन सकाळी आल्या. गटातले लोक जायचंच म्हणाले. त्याने नाही म्हटलं नाही.

मी फोन कानाला लावून गप्प बसलो. वर्षभर मला वाटत होतं की त्या पहाटे आम्ही फक्त स्वतःचा जीव पणाला लावला. नंतर वाटलं, गाइडचाही लावला. आता कळलं की आम्ही ज्या गोष्टीचं खरोखर नुकसान केलं ती सुखरूप परत आली नव्हती. त्या मुलाकडे डोंगर वाचायची एक नजर होती, वडिलधाऱ्यांकडून आलेली, हिवाळ्यामागून हिवाळे घडलेली. आम्ही एका सकाळी ती नजर खोटी ठरवली, आणि डोंगराने आमची बाजू घेतली. ‘काही झालं नाही’ हे खरं नाही. त्या उतारावर जे झालं ते त्याच्यापुढच्या प्रत्येक गटाच्या वाट्याला येणार आहे.

माफी मागून ते परत येत नाही. मी त्याला एवढंच विचारलं की रिव्ह्यूचा त्याच्या कामावर किती परिणाम होतो. तो हसला. ‘बहुत, सर.’

त्या रात्री मी वर्षभर राहून गेलेला रिव्ह्यू लिहिला. पाच स्टार दिले. लिहिलं की शिखराच्या दिवशी गाइड नको म्हणाला होता, त्याची कारणं बरोबर होती, आम्ही त्याच्यावर दबाव आणला आणि ते चुकीचं होतं. आम्ही वाचलो हा आम्ही बरोबर असल्याचा पुरावा नाही. तो थांबा म्हणाला तर थांबा, आणि त्या दिवसाचे पैसे त्याला द्या.

तो रिव्ह्यू अजून तिथे आहे. पंधरा-वीस जणांनी तो उपयोगी असल्याचं नोंदवलंय. खाली एकाने विचारलंय: ‘म्हणजे समिट झाला होता की नाही?’